नापासांचा बाक

किस्से गोळा करावे लागत नाहीत. ज्याला बाकावर बसून वाट पाहण्यापलीकडे उद्योग नसतो, त्याच्या अंगावर ते धुळीसारखे आपोआप साठतात. तंजावूरमधील एका रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डाबाहेर असा एक लाकडी बाक आहे. माझ्या पत्नीला पक्षाघात झाला, तेव्हापासून मी त्या बाकाचा सभासद आहे.

आत राज्य तिलकवती सिस्टरांचे. साध्या परिचारिकेपासून चढत चढत त्या नर्सिंग सुपरिंटेंडेंट झाल्या, आणि हा वॉर्ड त्यांनी भांडून उभा केला. त्यांचा कायदा असा : रुग्ण बरा झाला म्हणून डिस्चार्ज मिळत नाही, त्याला घरी नेणारा पास झाला तरच मिळतो! भरवणे, अंग पुसणे, कपडे बदलणे, शौचाचे भांडे देणे, सर्व स्वतःच्या हाताने करून दाखवायचे. जो नापास, तो पुन्हा बाकावर.

मी आयुष्यात एकाही परीक्षेला बसलेलो नाही. भाताच्या गिरणीत कारकुनी करता करता देवनागरी स्वतः शिकलो आणि मिळतील ती मराठी पुस्तके वाचून काढली. आमच्या तंजावुरी मराठी घरांत आता ही लिपी वाचणारे थोडेच उरले आहेत. त्यामुळे परीक्षेवाचून शहाणा झालो, याचा मला फार अभिमान होता. ‘होता’ हे क्रियापद मी विचारपूर्वक लिहिले आहे.

*

सिस्टर तरुण होत्या, त्या वेळचा हा प्रसंग. सेल्वी नावाची जुनी आया तो दर नव्या सभासदाला ऐकवते.

तेव्हा खाटा उंच असत. म्हातारी माणसे उतरताना पडत. पडू नयेत म्हणून त्यांचे हात खाटेला बांधून ठेवण्याची पद्धत होती, आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. सिस्टरांनी बुटक्या खाटांसाठी अर्जावर अर्ज केले. शेवटी एके दिवशी त्यांनी सुतार बोलावला आणि एका खाटेचे चारही पाय कापून घेतले.

अधिकारी धावत आले. “ही रुग्णालयाची मालमत्ता आहे! पाय कापलेत तुम्ही!”

“खाटेचा पाय सुतार जोडून देईल, सार,” सिस्टर म्हणाल्या. “म्हाताऱ्या पाट्टी पडल्या तर त्यांचा कोण जोडून देणार? सुतारच का?”

उरलेल्या खाटांचे पाय रीतसर मंजुरीने कापले गेले!

*

ओरत्तनाडूकडचे एक बडे शेतकरी वडिलांना भरवत होते. मोपेड बाहेर उन्हात तापत होती आणि त्यांना घाई होती. रसमभाताचा एक चमचा गिळून होण्याआधी दुसरा तोंडात!

सिस्टरांनी त्यांना शेजारच्या रिकाम्या खाटेवर निजवले, गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि त्याच वेगाने भरवायला सुरुवात केली. तिसऱ्या चमच्याला ते गृहस्थ हात झाडू लागले. “पोदुम! पोदुम!” म्हणजे पुरे, पुरे!

“तुमचे वडीलही हेच सांगत होते,” सिस्टर म्हणाल्या. “तोंड भरलेले होते, म्हणून तुम्हाला ऐकू आले नाही.”

बाकावर आम्ही सर्व हसलो. मीही हसलो. माझी पाळी यायची होती.

*

एका वकिलांनी परीक्षेलाच हरकत घेतली. “माझी पत्नी सर्व करील. परीक्षाही तीच देईल.”

“वडील कोणाचे?” सिस्टरांनी विचारले.

“माझे. परंतु मला वेळ...”

सिस्टर खाटेकडे वळल्या. “ताता, तुम्हीच सांगा. मुलाची परीक्षा कधी घेऊ?”

म्हाताऱ्यांनी डोळेही उघडले नाहीत. “त्याला विचारू नका, अम्मा. तो पुढची तारीख मागेल!”

*

आता माझी पाळी.

भांडे रिकामे करायला न्यायचे, तर वॉर्डापासून टोकापर्यंतचा सगळा व्हरांडा ओलांडावा लागतो. दोन्ही बाजूंना माणसे. मी भांड्यावर माझे जरीकाठी अंगवस्त्र नीट पसरले आणि मान खाली घालून निघालो. समोरून आमच्या वाचनमंडळातले एक वयस्क स्नेही आले, ज्यांना मी दर आठवड्याला शुद्ध मराठी कसे बोलावे ते सांगत असे. त्यांनी झाकलेले भांडे पाहिले, चपला काढल्या, आणि उजवा हात ओंजळीसारखा करून पुढे धरला.

“मोठ्या कोविलातून का? देवळातला प्रसाद?”

मला शब्द सुचेना. एवढी पुस्तके वाचून एकही शब्द सुचेना! ते हात पुढे करून उभे, आणि मी भांडे छातीशी धरून उभा.

मागून सिस्टरांचा आवाज आला. “झाकून नेऊ नका, अय्या. झाकले की लोक मागतात!”

त्या दिवसापासून मी वाचनमंडळात गेलेलो नाही.

*

सिस्टरांचा पुढचा किस्सा सेल्वी हळू आवाजात सांगते.

त्यांच्या स्वतःच्या आईला याच वॉर्डात आणले होते. नियम म्हणजे नियम. मुलगी परीक्षेला उभी राहिली. एका नव्या परिचारिकेला परीक्षक नेमले, तर ती बिचारी घामाघूम. सिस्टरांनी आईचे अंग असे पुसले, की पाठ्यपुस्तकात छापावे. हात चालू होते आणि तोंडाने सभोवतीच्या विद्यार्थिनींना समजावणे चालू होते : पाठ अशी वळवा, खांदा असा धरा.

झाल्यावर आईने त्या नव्या परिचारिकेला विचारले, “ही बाई कोण? हात चांगला आहे. पण एवढ्या वेळात माझ्याशी एक शब्द बोलली नाही.”

सिस्टरांचा चेहरा पडला. हातातला ओला टॉवेल त्यांनी किती तरी वेळ पिळला.

“मी नापास,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर कायद्यात दोन कलमे वाढली. अंगाला हात लावण्याआधी माणसाला नावाने हाक मारायची. आणि निकाल परिचारिकेने नव्हे, खाटेवरच्या माणसाने द्यायचा.

*

या पहिल्या कलमाने माझा घात केला.

आमच्या घराण्यात नवरा चारचौघांत बायकोचे नाव घेत नाही. मी एकांतातही घेतले नव्हते. मी खाकरलो की ती समजत असे. पुस्तक मोठ्याने मिटले की कॉफी येत असे. संसार उत्तम चालला होता!

पहिल्या परीक्षेत मी मर्यादेपोटी डोळे मिटून अंग पुसले. पाणी उशीवर सांडले. दुसऱ्या परीक्षेत डोळे उघडे ठेवले, परंतु हाक मारायच्या जागी खाकरलो. दोन्ही वेळा पत्नीने मान भिंतीकडे वळवली. तिलाही लाज वाटत होती. माझी, की माझ्यासमोर स्वतःची, हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.

“इतके ग्रंथ वाचलेत, अय्या,” सेल्वी म्हणाली, “आणि एक नाव वाचता येईना?”

बंगळूरहून मुलाचा फोन आला. “अप्पा, तुम्हाला जमत नसेल तर रविवारी येऊन अम्माला इकडे नेतो. तुम्ही तिथे पुस्तके सांभाळा.”

बंगळूरला तो लिफ्टच्या घरात राहतो. तिथे माझ्या पत्नीशी बोलणारे कोणी नाही. आणि येथे माझ्याशी बोलणारे तिच्यावाचून कोणी नाही.

शनिवारी मी तिसऱ्यांदा उभा राहिलो. सिस्टरांनी पडदा ओढला आणि स्वतः बाहेर थांबल्या. बाहेर बाकावर सगळे सभासद कान देऊन बसलेले. मी कोमट पाण्यात टॉवेल बुडवला, पिळला, आणि हात तसाच हवेत राहिला.

“अंबुजा,” मी म्हणालो.

बाहेर बाक करकरला.

तिने भिंतीकडची मान वळवली. मी पुन्हा नाव घेतले आणि चेहरा पुसला. नाव घेतले आणि पाठ पुसली. लुगडे बदलले. मग केस विंचरले, वेणी घातली. वेणी वाकडी झाली, ती सोडून पुन्हा घातली. दर वेळी नाव. माझे कान इतके तापले होते, की त्यांवर कॉफी गरम झाली असती.

सिस्टर पडदा सारून आत आल्या. “अम्मा, कसे केले यांनी?”

पत्नीचे ओठ अजून एका बाजूने जड आहेत. ती एक एक शब्द जुळवून बोलते.

“सगळे... बरोबर केले.”

“मग पास ना? आजच घरी सोडते.”

तिने निजल्या निजल्या हात वर नेऊन वेणी चाचपली. माझ्याकडे पाहून ओठांच्या हलत्या बाजूने हसली. मग सिस्टरांकडे पाहिले.

“नापास,” ती म्हणाली. “उद्या... पुन्हा घ्या.”