आ-पांनी टाकलेलं पाच

त्साय वेन-ल्यांग ऑफिसात माझ्या शेजारी बसतो. आमचा धंदा शिंप्याचा: सी भाषेतल्या जुन्या लायब्ररीला, म्हणजे तयार कोडच्या गाठोड्याला, पायथन भाषेचा सदरा शिवायचा, की नव्या प्रोग्रॅमना ती वापरता यावी. मला कंटाळा यायचा, हा मात्र गुणगुणत शिवायचा.

तेच त्यानं घरीही केलं. समुद्रकाठच्या छीगू गावी त्याच्या वडिलांचं, आ-पांचं, साबाही माशांचं तळं. पाण्यात हवा मिसळायला चाकं. चाकांच्या यंत्राची लायब्ररी सीमधली, आणि सगळ्या सेटिंगांना फंक्शन एकच. पूर्णांक द्या, दशांश द्या, अक्षरं द्या. ते आंधळेपणानं घेतं. कुठला आकडा कुठल्या डब्यातून पाठवायचा, हे सदऱ्यानं बघायचं.

"आ-पा, प्राणवायू कितीच्या खाली गेला की चाकं फिरवायची, तो आकडा फोनवर टाकायचा. झालं."

"आणि मी काय करू? माशांशी गप्पा मारू?"

"झोपा निवांत."

वेन-ल्यांगनं साडेतीन टाकून बघितले, साडेचार टाकून बघितले. झकास चाललं.

ऑगस्टात ढग आले, वारा पडला. मासे गुदमरतील म्हणून आ-पांनी आकडा वाढवून ठेवला. पाच. नुसतं पाच, पुढं दशांशचिन्ह नाही. सदऱ्यानं ते पूर्णांकाच्या डब्यात घातलं. यंत्राला तिथं दशांशच ठाऊक; त्यानं डबा दशांश समजून वाचला, आणि तसं वाचलं की पाचाचं जवळजवळ शून्य होतं. प्राणवायू शून्याखाली कसा जाणार? चाकं हललीच नाहीत. सकाळी तळं पांढरंफटक, पोटं वर.

चूक वेन-ल्यांगला दुपारपर्यंत सापडली. दुरुस्ती एका ओळीची. ती करून तो स्क्रीनकडे बघत बसला. गुणगुणणं तेव्हापासून बंद.

मध्य-शरदाच्या सणाला मी त्याच्याबरोबर छीगूला गेलो. चाकं आ-पा हातानं चालू करत होते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, खिळ्याला.

"आ-पा, चूक माझी होती. हे बघा, या ओळीत."

"एवढं बारीक मला कुठं दिसतंय."

"आता पाच टाकलं तरी चालतं."

"बोट माझं होतं ना? मग झालं तर. बापाला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलशील?"

वेन-ल्यांगनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काका, खरं सांगतोय तो. शिवण त्याचीच उसवली होती."

"तू त्याचा मित्र. तू आणखी काय म्हणणार?" आ-पांनी माझ्या वाडग्यात सूप ओतलं. "जेवा. मासा बाजारातला आहे."