हिस्किया त्सुसेबची दुर्बीण

हिस्किया त्सुसेबला मी सत्तावीस वर्षं ओळखते. त्यातली बावीस वर्षं तो माझ्या हातचं जेवतोय, तरी पहिला घास तोंडात घालण्याआधी अजूनही वास घेतो. सुरुवातीला मला राग यायचा. "विष कालवलंय का मी?" असं विचारलं की म्हणायचा, "तू नाही गं, सालोमे. पण मांस तुझ्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आलं, ते तुला तरी कुठं ठाऊक आहे?"

खोरिखास गावाच्या पश्चिमेला, गावांनी मिळून राखलेल्या रानात शिकारीचा तळ आहे. तिथं मी स्वयंपाक करते. बाहेरदेशचे शिकारी येतात, ठरवून दिलेलं जनावर मारतात, शिंगं-कातडं घेऊन जातात आणि मांस गावात वाटलं जातं. हिस्किया तिथं माग काढायचा. तो एकोणीस वर्षांचा असताना एका शिकाऱ्यानं बिबट्यावर गोळी झाडली आणि म्हणाला, "मेला, जा, ओढून आण." हिस्किया गेला. बिबट्या मेला नव्हता. डाव्या दंडापासून मनगटापर्यंत पंजाचे चार व्रण आजही दिसतात. तेव्हापासून त्यानं कुणाचं ऐकून काही खरं मानलं नाही. पाण्याची टाकी भरलीय म्हटलं तरी वर चढून झाकण उघडून बघणार.

सेहेचाळिसाव्या वर्षी तो परीक्षा देऊन शिकारीचा वाटाड्या झाला. माग काढणारा पुढं चालतो, वाटाड्या जबाबदारी घेतो. पाहुण्याची गोळी चुकली तर जखमी जनावर थांबवायचं काम त्याचं, आणि त्यासाठी स्वतःची मोठी रायफल लागते. नवी घेणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. तेवढ्यात कळलं की औट्यो गावाच्या वाटेवरच्या फार्मवरची मिसेस लोरेंझ आपल्या नवऱ्याची तीनशे पंचाहत्तर बोअरची रायफल विकतेय. नवरा, डीटर, दोन वर्षांपूर्वी झोपेतच गेला होता.

हिस्किया बघायला गेला आणि पहिलंच त्याला खटकलं. रायफलीवर दुर्बीण बसवायच्या दोन लोखंडी पट्ट्या होत्या, पण दुर्बीण नव्हती.

"दुर्बीण कुठाय, मिसेस?"

"डीटरनं काढून टाकली. फेकलीसुद्धा असेल."

"का?"

"मला काय माहीत? तुला रायफल हवीय की चौकशी करायचीय?"

चांगल्या दुर्बिणी कुणी फेकत नाही. हिस्कियानं नळीत आरशानं उजेड पाडून बघितलं, गोळी भरायचा बोल्ट पन्नास वेळा मागं-पुढं केला, लाकडी दस्त्याला तडा गेलाय का ते नखानं चाचपलं. मग वाड्यामागच्या कोरड्या ओढ्यात पन्नास पावलांवर डबा ठेवून नळीवरच्या साध्या नेमानं पाच गोळ्या झाडल्या. पाचही डब्यात. फार्मवरच्या गड्यांना विचारलं, तेव्हा एक जण इतकंच म्हणाला, की शेवटच्या वर्षी म्हाताऱ्याचे दोन एलँड हरणं जखमी होऊन निसटली, आणि नंतर त्यानं रायफलीला हात लावला नाही.

रायफल घेऊन तो तळावर आला तो तोंड पाडूनच. "हिच्यात काहीतरी आहे," म्हणाला.

"मग घेतलीस कशाला?"

"काय आहे ते सापडलं नाही म्हणून."

आता दुर्बीण. माझ्या स्वयंपाकघरासमोरच्या बाकावर पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. औट्योच्या दुकानातल्या लाल दाढीवाल्यानं त्याला एक भलीमोठी दुर्बीण दाखवली, पुढचं तोंड कपाएवढं, सोळा पट मोठं दाखवणारी. "हिच्यातून डोंगरापलीकडच्या झेब्र्याच्या पापण्या मोजशील," म्हणाला. हिस्कियानं ती रायफलीवर टेकवून बघितली. इतकी उंच बसत होती, की डोळा लावायचा तर गाल दस्त्यावरून उचलावा लागत होता.

"मला पापण्या नाही मोजायच्या. जनावर वीस पावलांवरून अंगावर आलं, तर ह्यातून मला काय दिसेल?"

"काय दिसेल?"

"केस. नुसते केस."

त्याला हवी होती सरळ नळीची, कमी ताकदीची, दीड ते पाच पटीची. जवळचं सगळं एका नजरेत मावलं पाहिजे. आणि डोळा काचेपासून निदान चार बोटं लांब राहिला पाहिजे, कारण ही रायफल मागं असा धक्का देते की काच भुवईत घुसते. दाढीवाल्यानं मग तशीही एक काढली, नामांकित कंपनीची, अर्ध्या भावात. हिस्कियानं तिच्यावरचा नंबर बघितला, डबीवरचा बघितला, दोन्ही जुळत नव्हते. त्यानं ती परत ठेवली आणि दाराबाहेर आल्यावर थुंकला.

तेव्हाच उआझुवा काउरिवी आला. हा हेरेरो, म्हणजे आमच्याहून वेगळ्या जमातीचा, शेजारच्या रानातला वाटाड्या, हिस्कियाच्याच वयाचा. आमच्या तळावरची वाटाड्याची जागा आधी त्यानंही मागितली होती, ती हिस्कियाला मिळाली. त्यामुळे दोघांत बोलणं होतं, पण जपून. उआझुवानं कापडात गुंडाळलेली दुर्बीण बाकावर ठेवली. दीड ते पाच. काळी, सरळ, एका बाजूला बारीक ओरखडा. एका पाहुण्यानं जाताना त्याला भेट दिलेली.

"घे. दोन शेळ्या दे, त्यातली एक गाभण."

"एवढ्यात?"

"का, तीन देतोस?"

"तुला का नको?"

"माझ्याकडे दुसरी आहे." हे सांगताना उआझुवानं मान जराशी डावीकडे कलती केली आणि हिस्कियाकडे तिरकं बघितलं.

तो गेल्यावर हिस्किया मला म्हणाला, "बघितलंस? सरळ डोळ्याला डोळा देत नाही."

मग परीक्षा सुरू झाली. दुर्बीण कानाशी धरून हलवली, आत काही खुळखुळतंय का. उन्हात धरून काचेत बुरशीचे ठिपके शोधले. शेवटी माझं भांडी घासायचं घमेलं उचललं, त्यात कोमट पाणी ओतलं आणि दुर्बीण बुडवून पालथा पडून बघत बसला. आत हवा शिरत असेल तर बुडबुडे येतात म्हणे. एक बुडबुडा आला नाही.

"झालं समाधान?" मी विचारलं. "आता माझं घमेलं दे."

"एकही दोष नाही गं," तो काळजीनं म्हणाला. "दोन शेळ्यांत, आणि एकही दोष नाही! म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं असणार."

तरी त्यानं ती घेतली. रायफलीवर चढवली, शंभर मीटरवर नेम जुळवला. पहिल्या दिवशी गोळ्या जिथं हव्या तिथं लागल्या. मग आठ दिवस रायफल गाडीत मागं, आमच्या त्या दात खिळखिळे करणाऱ्या रस्त्यांवरून फिरली.

नवव्या दिवशी एका पाहुण्यानं डोंगरी झेब्र्याला जखमी केलं. ऐंशी पावलांवर झेब्रा आडवा वळून थांबला. हिस्कियानं झाडाच्या बेचक्यात रायफल टेकवली, खांद्यामागं नेम धरला, चाप ओढला. गोळी पोटात लागली. हातभर मागं! ते जनावर मग दुपारपर्यंत त्यांना खडकांतून फिरवत राहिलं. हिस्किया संध्याकाळी आला, जेवला नाही, नुसतं पाणी प्यायला. मरायला वेळ लागलेल्या जनावराचं मांस वाटताना त्याला गावातल्यांकडे बघवत नव्हतं.

शनिवारी आम्ही खोरिखासला गेलो. बाजारात निखाऱ्यांवर कापानाच्या, म्हणजे मांसाच्या, पट्ट्या भाजत होत्या, आणि उआझुवा तिखटमिठात बुडवून खात उभा होता. हिस्किया सरळ त्याच्यासमोर गेला.

"जागा मिळाली नाही, म्हणून असा सूड घेतलास?"

"कसला सूड?"

"फुटकी दुर्बीण गळ्यात मारलीस. ठाऊक होतं तुला. डोळ्याला डोळा देऊन बोलला नाहीस तेव्हाच मी ओळखलं होतं."

आजूबाजूचे खायचे थांबले. उआझुवानं हातातला तुकडा कागदावर ठेवला. "पाण्यात बुडवून बघितलीस ना? सगळ्या तळाला माहीत आहे. मग काय सापडलं?"

"सापडलं नाही, म्हणूनच म्हणतो. दोष लपवायचा कसा ते तुम्हा लोकांना—"

"तुम्हा लोकांना म्हणजे?"

हिस्कियानं जीभ चावली, पण शब्द सुटला होता. उआझुवा मांस तिथंच टाकून निघून गेला. जाताना त्याचा खांदा मटणवाल्याच्या खांबावर आपटला. कुणीतरी हसलं.

परतीच्या गाडीत मी हिस्कियाला फाडून खाल्लं. "तुझी दुर्बीण चोर आहे ना? मग तिला दुसऱ्या रायफलीवर बसवून बघ. आपल्या तळावरची आहे की, पाहुण्यांना भाड्यानं देतो ती. ती कधी चुकत नाही. माणसाला बाजारात सोलण्याआधी एवढं तरी करायचंस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ते केलं. उआझुवाची दुर्बीण तळाच्या रायफलीवर चढवली, नेम जुळवला, गाडीत टाकून दगडधोंड्यांतून दोन तास फिरवली, पुन्हा झाडली. गोळ्या जिथल्या तिथं. मग उलटं केलं. तळाची भरवशाची दुर्बीण लोरेंझच्या रायफलीवर, पुन्हा दोन तास रस्ता. गोळ्या भरकटल्या.

तो बराच वेळ कागदावरच्या भोकांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे येऊन सिगारेटचा पातळ कागद मागितला. रायफल मांडीवर घेऊन त्यानं तो कागद पुढच्या लोखंडी पट्टीखाली सरकवला. कागद या बाजूनं शिरला आणि त्या बाजूनं बाहेर आला. पट्टीचा स्क्रू तर घट्ट होता, पिळून पिळून हात दुखेल इतका घट्ट. त्यानं तो काढला, बाकीच्यांशेजारी ठेवला. दीड आटे जास्त लांब! त्याचं टोक भोकाच्या तळाला टेकत होतं. त्यामुळे आवळल्यासारखा वाटायचा आणि पट्टीला मात्र धरत नव्हता. कधीतरी कुणीतरी बदलून घातलेला. साधा नेम नळीवरच असतो, तिथं पट्टीचा संबंध येत नाही. म्हणून ओढ्यात डबा पाचही वेळा फुटला होता.

तो स्क्रू त्यानं बाजूला ठेवला, हत्यारांच्या डब्यातला दुसरा कानशीनं घासून बरोबर मापाचा केला, सगळं पुसून पुन्हा आवळलं, उआझुवाची दुर्बीण चढवली आणि गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर घातली. परत आल्यावर तीन गोळ्या माझ्या चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत लागल्या.

मला वाटलं, आता तरी हसेल. तो म्हणाला, "म्हाताऱ्यानं उगाच दुर्बीण फेकली."

आणि तसाच गाडीत बसून मिसेस लोरेंझकडे गेला. मीही गेले, माझं औट्योला काम होतं. तिनं जाळीच्या दारातूनच विचारलं, "आता काय? परत घेणार नाही मी."

हिस्कियानं कागदाच्या पुडीतला तो स्क्रू तिच्या हातावर ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली.

"दुर्बीण बदलून बघितली त्यानं," ती म्हणाली. "दोनदा. मग म्हणाला, वाल्ट्राउट, माझा हात कापायला लागलाय. रोज सकाळी पेला धरून बघायचा, पाणी हलतंय का ते. हात कापत नव्हता?"

"नाही, मिसेस. स्क्रू होता."

तिनं स्क्रू मुठीत धरला. मग दाराची कडी काढली. हिस्कियाचा बाप त्या भागातल्या फार्मांवर जनावरं सोलायचा, पण घराच्या पुढच्या ओसरीवर कुणी त्याला कधी खुर्ची दिली नव्हती. मिसेस लोरेंझ म्हणाली, "बसा. कॉफी करते." आजवर ती त्याला अरेतुरेच करायची.

उआझुवाकडे जायला मात्र हिस्कियाला तीन आठवडे लागले. स्क्रू मिसेसना देऊन टाकला होता, दाखवायला पुरावा उरला नव्हता. माफी तोंडानंच मागावी लागणार होती. मी बरोबर येत नाही म्हटलं, तर म्हणाला, "तू नसलीस तर मी दारातून परत येईन."

उआझुवा गोठ्यात वासरू बांधत होता. हिस्किया उभा राहून बोलला, अडखळत बोलला, पण सगळं बोलला. बाजारातला तो "तुम्हा लोकांना"सुद्धा वगळला नाही. उआझुवानं मान कलती करून ऐकलं.

"दुर्बीण चांगली आहे?" त्यानं विचारलं.

"उत्तम आहे. मग मला का दिलीस रे? खरं सांग आता."

उआझुवानं दोर सोडला. उजव्या डोळ्यासमोर हात नेला, बोटं हलवली. "धुकं आहे. दोन वर्षं झाली. काचेतून बघितलं की जास्तच. कुणाला कळलं असतं तर परवाना गेला असता. आता तर गेल्या महिन्यापासून डावाही."

मी हिस्कियाकडे बघितलं. ओल्या वाळूत हरणाच्या कुठल्या पायाचं नख तुटलंय ते सांगणारा माणूस. समोरच्या माणसाची कलती मान त्याला लबाडी वाटली होती. आणि त्या दिवशी बाजारात खांबावर खांदा आपटला, तोही आम्ही सगळ्यांनीच बघितला होता.

डोळ्यांच्या शिबिराची तारीख मी शोधून काढली. हिस्किया त्याला गाडीत घालून उत्तरेला तीनशे किलोमीटर घेऊन गेला, दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन दिवस थांबला. डॉक्टरांना त्यानं इतके प्रश्न विचारले की एक परिचारिका म्हणाली, "ऑपरेशन तुमचं आहे की ह्यांचं?" डावा डोळा छान झाला. उजवा नाही, फार उशीर झाला होता.

उआझुवानं परवाना स्वतःहून परत केला. आता तो गुरं सांभाळतो आणि महिन्यातून एकदा तळावर येतो. दोघं बाकावर बसतात, फार बोलत नाहीत. हिस्कियाच्या दंडावरच्या व्रणांची गोष्ट उआझुवानं परवा पहिल्यांदा विचारली, आणि हिस्कियानं ती सांगितली, त्या शिकाऱ्याचं नावसुद्धा घेऊन. ते नाव सत्तावीस वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं.