हुडकेश्वरच्या बागेतली हुकूमशाही

किस्से कोणी गोळा करत नाही हो, ते पडतात! आमच्या कॉलनीच्या बागेत सकाळी झाडलोट होते आणि आठ वाजेपर्यंत कडुनिंबाचा पाला पुन्हा तितकाच. आम्हा रिटायर लोकांच्या मंडळाचंही तसंच. रोज तासभर भेटायचं, हातपाय हलवायचे, टाळ्या पिटायच्या, मोठमोठ्यानं हसायचं, आणि घरी येताना एखादा किस्सा चपलेला चिकटून यायचाच. पण एका वर्षाचे किस्से मी वेगळे ठेवलेत. ते सांगताना आधी हसू येतं आणि मग लाज वाटते.

लाज अशासाठी की मी इतिहासाचा मास्तर. अठ्ठावीस वर्षं नववीला एक धडा शिकवला. एका देशातल्या लोकांनी आपल्याच मतांनी एका माणसाला मोठं केलं आणि तो त्यांच्या मानेवर कसा बसला, तो. पोरं त्याला ‘मिशीवाल्याचा धडा’ म्हणायची. एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, तिथचे लोकं एवढे बह्याड होते का?" बह्याड म्हणजे आमच्याकडे ठार वेडे.

मी म्हटलं, "नाही गं. थकले होते."

मला माझं उत्तर इतकं आवडलं, की पुढं दरवर्षी कोणी न विचारताही मी ते द्यायचो.

*

आमच्या मंडळात तेव्हा कडकडीत लोकशाही होती. प्रत्येक गोष्टीवर मतदान. सतरंजी लाल घ्यायची की निळी, यावर तीन महिने चर्चा चालली आणि तीन महिने आम्ही वर्तमानपत्रावर बसलो. सहल रामटेकला की खिंडसीला, यावरून दोन उपाध्यक्षांनी बोलणं सोडलं. दोन्ही ठिकाणं एकाच रस्त्याला, पण सांगणार कोण! बागेतला नळ गळायचा. अर्ज कोणाच्या सहीनं करायचा ते ठरेना, म्हणून तो गळतच राहिला.

त्यात मंडळाचा स्पीकर गायब झाला. गाणी लावून व्यायाम करायचो, तो. कोणी नेला, कधी नेला, काही पत्ता नाही. जो तो दुसऱ्याकडे पाहायला लागला.

आमचे सगळ्यात वडीलधारे भोयर दादाजी, वय ब्याऐंशी. ते एक दिवस बाकावर बसून म्हणाले, "आता कोनीतरी खमक्या पायजे गा. हे लोकशाही माह्यानं होत नाही, गुडघे दुखते!"

*

आणि मंडळात वैरागडे साहेब आले. वीज खात्यातून रिटायर, बायको वारलेली, मुलगा परदेशात. ताठ माणूस. पहिल्या दिवशी स्वतः झाडू घेतला. आठ दिवसांत नळ दुरुस्त, बाक रंगवलेले, दिवे सुरू! कोणाची बीपीची गोळी कोणती, हे त्यांना पाठ. माझी बायको सुमन बाथरूममध्ये पडली, तेव्हा दहा मिनिटांत गाडी घेऊन दारात. दवाखान्यात माझ्या शेजारी सहा तास बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. मी ते कसं विसरू?

म्हणून सभेत ठरलं, की साहेब अध्यक्ष आणि एक वर्ष सगळे अधिकार अध्यक्षांना. सभा नको, मतदान नको, कटकट नको. ठराव कोणी लिहिला? मी! माझ्या मोत्यासारख्या अक्षरात. ‘मंडळाच्या व्यापक हितास्तव’ हे शब्द माझेच.

घरी येऊन सुमनला कौतुकानं वाचून दाखवला. ती पायाला प्लास्टर घालून पलंगावर. म्हणाली, "काहून जी, तुमी तो मिशीवाल्याचा धडा शिकवत होते ना?"

"अगं, काहीतरीच काय! वैरागडे साहेब क्लीन शेव्ह आहेत!"

*

मग शिटी आली. शिटी वाजली की रांग. शिटी वाजली की टाळ्या. दोन शिट्या वाजल्या की हसायचं, एक वाजली की थांबायचं. उशिरा येणाऱ्याचं नाव फळ्यावर. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त साहेबांनीच लिहायचं, आम्ही अंगठा दाखवायचा. खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने मजा आली. शिस्तीत एक सुख असतं. आपल्याला काही ठरवावं लागत नाही.

एक दिवस थांबायची शिटी झाली, सगळे गप्प, आणि भोयर दादाजी एकटेच खो खो हसतायत.

साहेब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "दादाजी, शिटी झाल्यावर काहून हासून राहिले?"

"काय करू बापू," दादाजी डोळे पुसत म्हणाले, "मले आता समजलं!"

काय समजलं, ते त्यांनी सांगितलं नाही. साहेबांनी विचारलंही नाही. फळ्यावर नाव मात्र लिहिलं.

*

पुढचा किस्सा हसायचा नाही.

लालवाणी म्हणून आमचे एक सभासद. जन्म इथल्याच, नागपुरातल्या जरीपटक्याचा, सगळी हयात कापडाच्या दुकानात गेली. दुकान मुलाला दिलं आणि इकडे हुडकेश्वरला मुलीकडे राहायला आले. रोज कोणासाठी ना कोणासाठी डबा आणायचे. सुमन पडली तेव्हा महिनाभर आमच्याकडे त्यांची साई भाजी, म्हणजे सिंध्यांची डाळ-पालक, येत होती.

एका सकाळी साहेब सहज म्हणाले, "स्पीकर केव्हा गेला? लालवाणी आले, त्याच महिन्यात ना? मी काही म्हनत नाही. फक्त महिना सांगून राहिलो."

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी दोघंतिघं तेच बोलायला लागले. आठवड्यात यादी लागली, कॉलनीतले मूळचे आणि बाहेरचे. बाहेरच्यांनी मागच्या रांगेत उभं राहायचं, आणि वर्षअखेरच्या सभेत त्यांना मत नाही. बाहेरचे पाच निघाले. त्यातला एक बुटीबोरीच्या कारखान्यात जन्म घालवलेला बिहारी फिटर, वीस वर्षांपासून इथं घर असलेला. कॉलनीच मुळी सोळा वर्षांची, म्हणजे तो तिच्याही आधीचा. तरी तो बाहेरचा!

लालवाणी मुकाट्यानं मागे गेले. मी वळून पाहिलं. बस सुटताना खिडकीतला माणूस करतो तसा त्यांनी मला हात केला.

बाग सुटल्यावर मी त्यांना गाठलं. तेच म्हणाले, "छोडो ना सर. पीछे छाँव है!"

घरी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमी काय बोलले?"

"मी काय बोलणार?"

"अठ्ठावीस वर्सं पोट्ट्याइसमोर तं लई बोलत होते जी!"



*

आणि स्पीकर सापडला! भोयर दादाजींच्या सुनेनं दिवाळीची सफाई काढली, तर पलंगाखाली. दादाजींनीच दुरुस्तीला म्हणून नेला होता आणि विसरले होते. बिचारे रडत रडत बागेत घेऊन आले. लालवाणींचे हात धरले. "माफ कर गा भाऊ, माह्यं डोस्कंच काम करत नाही." लालवाणी त्यांचीच पाठ थोपटत बसले.

मी हिंमत करून साहेबांकडे गेलो. "साहेब, स्पीकर सापडला. आता ती यादी..."

साहेबांनी स्पीकर उलटा-सुलटा करून पाहिला. त्यावर मंडळाचं नाव होतं, माझ्याच मोत्यासारख्या अक्षरात.

"हा येगळा असन," साहेब म्हणाले.

*

वर्ष संपलं. ठराव पुढं वाढवायची सभा. अधिकार आता कायमचे. साहेबांनी विचारलं, "विरोधात कोनी आहे का? हात वर करा." आणि लगेच रजिस्टर उघडून पेन काढलं.

कोणी हलेना. बाकांवर सगळे आपापले गुडघे पाहत होते. मीही.

तेवढ्यात नलूबाईंचा हात वर गेला. या गावोगाव फिरलेल्या नर्सबाई, खांदा आखडलेला. उजवा हात डाव्या हातानं ढकलत ढकलत त्यांनी वर नेला.

साहेब हसले. "नलूबाई, चुकून वर गेला तुमचा. खाली घ्या."

"चुकून कसा जाईन जी?" नलूबाई म्हणाल्या, "सहा महिन्यापासून केस इंचरता येऊन नाही राहिले मले!"

आधी भोयर दादाजींचा हात वर गेला. मग सहलीवरून अबोला धरलेले ते दोघं उपाध्यक्ष, एकमेकांकडे न पाहता. मग हात वर जातच राहिले. माझाही गेला. पण मी पहिला नव्हतो. सहावा होतो. पोरांना हे कधी सांगितलं नव्हतं, की सहावा हात फार हलका असतो. जड असतो तो पहिला.

साहेबांनी हात मोजले. शिटी गळ्यातून काढली, रजिस्टरवर ठेवली आणि निघून गेले.

*

ते बागेत येईनासे झाले. एक महिना, दोन महिने. खिडकीचे पडदे लावलेले. जावं असं सगळ्यांना वाटायचं, पण पुन्हा तेच, पहिलं कोण जाणार?

एका रविवारी लालवाणी माझ्या दारात. "चलिए सर. बंदा अकेला है. बीपी की गोली भी खाता होगा कि नहीं!"

साहेबांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. आम्हाला पाहून बाजूला झाले, बसा म्हणाले नाहीत, तरी आम्ही बसलो. त्यांनी आत जाऊन चहा केला. तिघं कप हातात घेऊन बराच वेळ गप्प. सहा तास दवाखान्यात बसलेला तोच माणूस, आणि तेच गप्प बसणं.

मग त्यांनी लालवाणींकडे पाहिलं. "त्या दिवशी तुमीबी हात वर केला होता का?"

"मैं कैसे करता, साहब? मेरा तो वोट ही आपने काट दिया था."

साहेबांची मान खाली गेली. बशीत सांडलेला चहा ते नुसता पाहत राहिले. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "असतं मत... तं काय केलं असतं?"

लालवाणींनी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि त्यांच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले, "साहब, वो तो गुप्त रहता है!"