उभी केलेली बाज

आमच्या घरात दिवस उगवला की बाज भिंतीला उभी करायची. ही सासूबाईंपासूनची रीत. दिवसा अंथरूण पसरलेलं असलं की घरात आजार शिरतो, असं त्या म्हणायच्या, आणि मीही तेच म्हणत आले. खरं कारण साधं होतं. बाज उभी असली की कुणी पडायला बघत नाही.

सून खुटबावची. कामाला वाघीण. त्या वर्षी कांदा काढताना तिनं भरलेली पिशवी उचलली आणि पाठीत काहीतरी कट् झालं म्हणाली. दोन दिवसांनी डोकं धरून बसायला लागली. सकाळी उठली की तासाभरात मान आणि डोकं मागून ओढायचं, मळमळायचं. आडवी झाली की थोड्या वेळात बरी. परत उठली, म्हशीची धार काढायला बसली, की परत सुरू.

आता तुम्हीच सांगा, असलं दुखणं कुणाला खरं वाटेल? मला नाही वाटलं. माझं तोंड पहिल्यापासून तिखट, आमचे हे असताना तेसुद्धा वचकून असायचे. "उभी राहिली की दुखतंय आन् झोपली की थांबतंय! असलं शहाणं दुखणं मला कवा झालं न्हाई बाई!" हे मी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलले. "खुटबावची रीत काय असंल ती असंल, इथं भर दिवसा बाज पडायची न्हाई." तिनं बाज टाकली की मी ती परत उभी करायची. मग ती कांद्याच्या चाळीत रिकाम्या गोणपाटावर जाऊन पडायची. तिथूनही मी तिला हाका मारमारून उठवलं.

न्हावऱ्यातल्या दवाखान्यात मीच तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "आडवं पडल्यावर बरं वाटतं का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी शेजारीच बसले होते.

"न्हाई," ती म्हणाली.

आली एकदाची ताळ्यावर, असं मला तेव्हा वाटलं. लाज वाटते आता लिहिताना, पण वाटलं खरं. डॉक्टरांनी अर्धशिशी म्हणून गोळ्या दिल्या. त्या तिनं तीन महिने खाल्ल्या आणि तीन महिने उभ्यानं काम केलं. डाव्या कानाला दडे बसायला लागले, तेही बोलली नाही. मग एक दिवस गोठ्यात म्हणाली, "आत्या, मला दोन दोन म्हशी दिसत्यात." लेक घाबरला आणि तिला शिरूरला एमआरआयला घेऊन गेला. मीही गेले.

तिच्या अंगावरचं सगळं काढायला लावलं. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं माझ्या पदरात बांधून ती आत गेली. दाराबाहेर त्या मशीनचा ठकठकाट ऐकू येत होता. एवढ्या आवाजात पोरगी घाबरली असेल म्हणून माझा जीव वरखाली. बाहेर आली तर चेहरा टवटवीत.

"भ्यालीस का गं?"

"न्हाई आत्या. लई दिवसांनी निवांत पडले. तिथं कुणी ऊठ म्हणत नव्हतं."

टोमणा मारायला बोलली नव्हती ती. सहज तोंडून गेलं आणि तिनं लगेच ओठ मिटले. मी पदराची गाठ सोडत बसले, सुटता सुटेना.

मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. म्हणाले, "मेंदूभोवती पाणी असतं, मेंदू त्यात तरंगतो. यांचं ते पाणी पाठीच्या कण्यापाशी कुठंतरी गळतंय. आतला दाब कमी झालाय, म्हणून उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो. हे वरचं आवरण बघा, सगळीकडं चमकतंय." मग फिल्म खाली ठेवून म्हणाले, "यांचं डोकं उभ्यानं दुखत असणार आणि झोपल्यावर थांबत असणार. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

लेक माझ्याकडं बघायला लागला. सून फरशीकडं. आणि सगळ्या आळीला हेच ओरडून सांगणारी मी तिथंच बसले होते.

पुण्यात तिच्याच हातातलं रक्त काढून पाठीत कण्यापाशी सोडलं, म्हणजे गळती बुजते. दोनदा करावं लागलं. डोकं दुखायचं थांबलं, दोन दोन दिसायचंही थांबलं. डाव्या कानानं मात्र अजून कमी ऐकू येतं. लवकर आणलं असतं तर कान वाचला असता का, हे डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही. मला सांगता येतं. रोज तिला उजव्या बाजूनं हाक मारताना सांगता येतं.

"चुकले गं मी," असं मी तिला म्हटलं. "असू द्या आत्या," म्हणून ती भाकरी थापत राहिली.

गेल्या महिन्यात तिला ताप आला. अंग फणफणत होतं आणि ही चुलीपुढं. मी भर दुपारी बाज टाकली, वर गोधडी अंथरली, म्हटलं, "पड जरा, मी बघते सगळं."

तिनं बाजेकडं बघितलं, मग माझ्याकडं. दवाखान्यात बघितलं होतं तसंच.

"न्हाई आत्या. बरी हाय मी," म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

बाज मी तेव्हापासून दिवसाही तशीच टाकून ठेवलीय. अजून तिच्यावर कुणी पडलेलं नाही.