हर्षलाचे रिकामे हात

हर्षला पहाटे पाचला उठायची, आणि हा शुद्ध वेडेपणा होता. लग्नाचा हॉल आवरून मध्यरात्री घरी आलेल्या मुलीने पाचला उठून स्वतःला सुधारत बसू नये, झोपावं. पण मोबाइलवर कुणा गुळगुळीत माणसाने सांगितलं होतं की यशस्वी माणसं पाचला उठतात. पोशीरमध्ये, तिच्या गावात, पाचला तिची आई सुंदरा उठत होती, शेजारची कोंडी उठत होती, गोठ्यातली म्हैससुद्धा उठत होती. त्यातलं कुणी यशस्वी झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

तरी ही बया उठायची. इंग्रजीचं अॅप उघडून कुजबुजत वाक्यं घोकायची. मग मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.चं पुस्तक, मग व्यक्तिमत्त्व विकासाचा व्हिडिओ. नेरळ ओलांडून स्कूटी कर्जतच्या रस्त्याला लागली की हेल्मेटच्या आत व्याख्यान सुरू. एखाद दिवस मागून ट्रकचा हॉर्न ऐकू येणार नाही, हे तिला आईने किती वेळा सांगितलं असेल! सव्वीस वर्षांची मुलगी, काटक, चटपटीत, कामाला वाघ. पण कुणी सांगितलं म्हणून ऐकेल तर शपथ.

चौक गावाच्या बाजूला, लोधिवलीच्या जरा अलीकडे आत वळलं की तिचं रिसॉर्ट. बारावीनंतर कर्जतला हॉटेलच्या कामाचा डिप्लोमा करून ती तिथे लागली, तेव्हा एका हातावर तीन ताटं कशी तोलायची ते तिला गजाने शिकवलं होतं. गजा तिथला सगळ्यात जुना वेटर, जिभेला हाड नसलेला. हर्षला शिकली, गजाच्या पुढे गेली, सुपरवायझर झाली, आणि यंदाच्या लग्नसराईत रिसॉर्ट चालवणाऱ्या डिमेलो सरांनी तिला लग्न-समारंभांची हंगामी मॅनेजर केलं. सराई संपेपर्यंत बघू, जमलं तर कायम. त्या खुर्चीवर आजवर आसपासच्या गावातलं कुणी बसलं नव्हतं. माणूस नेहमी पुण्या-मुंबईहून यायचा, डासांना नावं ठेवायचा आणि दुसऱ्या पावसाळ्याआधी पळून जायचा. म्हणून हर्षलाला ती खुर्ची हवी होती. मनापासून हवी होती.

आणि जमत नव्हतं. का जमत नव्हतं तेही तिला कळेना, कारण ती पूर्वीपेक्षा दुप्पट राबत होती.

पनवेलच्या एका डॉक्टरांच्या मुलाचं रिसेप्शन होतं. गर्दी वाढली तशी हर्षलाने कोट काढला, बाह्या वर केल्या आणि उष्टी ताटं उचलायला लागली. एकीकडे पोरं म्हणाली, मॅडम उचलतायत तर आपण कशाला घाई करा. दुसरीकडे नवऱ्या मुलाचे आजी-आजोबा कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसवले होते ते तसेच बसून राहिले. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आजोबांना साखरेचा त्रास. त्यांना घेरी आली तेव्हा सगळ्यांना कळलं. हर्षला तेव्हा हातात ताटांची चळत घेऊन स्वयंपाकघराकडे पळत होती.

डिमेलो सर वसईचे, मराठी आपल्यासारखंच बोलणारे, आणि आवाज न चढवता अंगाचं पाणी पाणी करणारे.

"हर्षला, ताटं उचलायला माझ्याकडे माणसं आहेत. बघायला एकच आहे. आणि ती ताटं उचलतेय."

"सर, पोरं कमी पडत होती..."

"कमी पडत नव्हती. तीन जणं जनरेटरमागे तंबाखू मळत होती. तुला दिसली नाहीत, कारण तुझी मान खाली होती. पुढच्या लग्नात तुझ्या हातात काही दिसलं, तर पुण्याला एकजण तयार आहे. मी फोन करीन."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर वाल सोलता सोलता हे सगळं तिने आईला सांगितलं. सुंदराला काही केल्या पटेना.

"काम केलंस म्हनून बोलले?"

"हो."

"काम केलं नाय म्हनून बोलतात गं. केलं म्हनून कोन बोलतं? डोकं फिरलंय त्या मानसाचं." आणि बोलता बोलता तिने हर्षलासमोरचे वाल स्वतःकडे ओढून घेतले. "दे इकडं, तुजं हळूहळू चाललंय."

गोम कुठे होती ते हर्षलाच्या तेव्हा लक्षात आलं नाही. तिने आपलं नेहमीचं केलं, व्हिडिओ शोधला. त्यात एक टाय लावलेला इसम सांगत होता की नेतृत्व करणाऱ्याने पाय फाकवून, छाती काढून, हात कमरेवर ठेवून उभं राहावं. पुढचे दोन दिवस ती तशी उभी राहिली.

"मॅडम," गजा जवळ येऊन हळूच म्हणाला, "कंबर धरलीय का? बाम आनून देऊ?"

पोरं फिदीफिदी हसली. एवढं झालं, आणि समोर वाढून ठेवलं होतं शेलूचं लग्न.

हे लग्न हर्षलाच्या नात्यातलंच निघालं. तिची जनाआत्या शेलूला दिलेली. आत्याच्या दिराच्या मुलीचं लग्न. स्टेशनजवळची त्यांची जमीन बिल्डरला गेली आणि लग्न अंगणातून उठून रिसॉर्टवर आलं. पण मुलीच्या बापाने एक अट घातली: बुफे नको, पंगत हवी. "हातात ताट घेऊन रांगेत आमी उभं राहनार नाय. आमी काय रेशनला आलोय?" झालं. हिरवळीवर मांडव घातला, पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या.

आता तिकडची रीत अशी, की पंगत बसली की घरच्या लेकी-सुनांनी कंबर कसून वाढायचं. वाढपी भाड्याने आणलेले असोत नाहीतर रिसॉर्टचे गणवेशातले असोत, आत्याच्या पानात भात भाचीच्या हातचाच पडला पाहिजे. नाही पडला तर आत्या मरेपर्यंत ते काढते.

वर ऑफिसच्या गॅलरीत डिमेलो सर कठड्याला टेकून उभे. खाली पहिल्या रांगेत, हिरवी पैठणी नेसून जनाआत्या. आणि मध्ये, निळ्या कोटात, हात कुठे ठेवावेत हे न कळून हर्षला.

"ए हर्षले! खांबासारखी उभी काय राह्यलीस? भात आन!"

"आत्या, पोरं आणतायत."

"पोरं? मी पोरांच्या हातचं जेवायला आले काय गं? कोट घातलास म्हनून भाची नाय राह्यलीस माजी?" शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. आत्याने आवाज आणखी चढवला. "आमच्या सुंदरावयनीनं बरं वळन लावलंय!"

आईचं नाव निघालं आणि हर्षलाचा धीर सुटला. एक घास, तेवढाच, असं म्हणत तिने गजाच्या हातातली भाताची बादली घेतली आणि आत्याच्या पानात मूद घातली. आत्या खूश. मग शेजारची म्हणाली, "मला पन घाल गं पोरी." मग तिच्या पुढची. हर्षलाच्या हाताला ते काम जन्मापासून माहीत. वाकायचं, वाढायचं, सरकायचं. किती बरं वाटतं! कुणी नावं ठेवत नाही, मन दुसरीकडे जात नाही. अर्धी रांग झाली तेव्हा तिच्या कानावर आवाज पडला.

"ए पोरा! कुठं चाल्लास वरन घेऊन? तिकडं शेवटची रांग कोरडी बसलीय, दिसत नाय? मागं फीर!"

तिने मान वर केली. आवाज आबाजींचा होता. आबाजी म्हणजे पोशीरमधलं भावकीतलं सगळ्यात जुनं माणूस, तिच्या आजोबांचे चुलत भाऊ. लग्नाला पाहुणे म्हणून आलेले, गुडघ्यांमुळे तेवढे खुर्चीवर बसवलेले. शेवटची रांग नवऱ्याकडच्या वऱ्हाडाची होती. तिथे कोरडा भात पुढ्यात घेऊन माणसं एकमेकांकडे बघत होती. एक व्याही तर पत्रावळ सारून उठायच्या बेतात. पोरीच्या लग्नात वऱ्हाड पानावरून उठणं म्हणजे काय, हे हर्षलाला कुणी शिकवायला नको होतं. आणि तिची पोरं तिच्याकडे बघतही नव्हती. आबाजी बोट दाखवतील तिकडे पळत होती.

आबाजींना ती लहानपणापासून बघत होती. पोशीरमध्ये कुणाचंही लग्न असो, पंगत आबाजींची. कधी पळीला हात लावला नाही, कधी कुणाच्या पानात मीठ घातलं नाही. धोतराचा सोगा धरून रांगांमधून फिरायचे, नजर शेवटच्या पानावर, आणि आवाज वेशीपर्यंत. शेवटचं पान उठेपर्यंत बसायचे नाहीत. त्यांना आळशी म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. बायका चुलीपाशी म्हणायच्या, आबाजी हायत ना, मग काय कमी पडत नाय.

पाय फाकवून उभा राहणारा तो टायवाला तिला आठवला आणि त्याही घाईत हसू आलं.

तिने बादली गजाच्या हातात कोंबली. समोरच्या बाईचं पान अर्धंच वाढलेलं होतं. बाई "अगो, मला?" म्हणेपर्यंत हर्षला रांगेच्या तोंडाशी पोहोचली होती.

"आबाजी, तुमी जेवा. आज पंगत माजी हाय."

रिसॉर्टमध्ये ती असं कधी बोलली नव्हती. तिथे सगळं हळू आवाजात, वॉकीटॉकीवर चालायचं. आबाजींचं बोट हवेतच राहिलं. मागून जनाआत्या, "अरे देवा! मोठ्या मानसाला उलटं बोलते!" आबाजींनी हर्षलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग बोट खाली घेऊन भातात घातलं.

"मंग माज्याकडं बघतेस काय? वरन!"

"साईराज!" हर्षला ओरडली. "वरण घेऊन शेवटच्या रांगेला! पळ! गजाभाऊ, तुम्ही व्याह्यांकडं, जिलेबी घेऊन, आणि हसून वाढा. देवेश, पापड कुणी सांगितले आता? ठेव ते! पाणी कुठंय पाणी?"

गजाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. बाम-बिम काही म्हणाला नाही. जिलेबीचं ताट उचलून वऱ्हाडाकडे निघाला, आणि खरोखरच हसत निघाला. त्या मघाच्या व्याह्याने पत्रावळ पुन्हा ओढून घेतली.

मग दोन पंगती झाल्या. हर्षला रांगांमधून फिरत राहिली, दोन्ही हात रिकामे. पदर खोचायला तेवढा नव्हता. एका म्हाताऱ्याला मीठ नव्हतं ते तिला दिसलं. ड्रायव्हर लोक गेटपाशी उपाशी उभे होते ते दिसले. जनरेटरमागे जाणारे दोघे तर पाठीवरून ओळखले. इतकी वर्षं हे सगळं तिथेच होतं.

जेवणं उरकल्यावर डिमेलो सर खाली आले.

"बादली दिसली मला."

"हो सर."

"ठेवलेलीही दिसली. आणि तुझा आवाज स्विमिंग पूलपर्यंत आला. तिथले पाहुणे विचारत होते, भांडण झालं का. आवाजाचं बघू आपण. पुण्याला मी फोन करत नाही."

जनाआत्या तिचा निरोप न घेताच गाडीत बसली. आबाजींनी हात धुतले, जाता जाता एवढंच म्हणाले, "जिलेबी उशिरा आली," आणि गेले. गेली साठ वर्षं पंगती चालवलेला माणूस आणखी काय म्हणणार?

दिवेलागणीला हर्षला घरी पोहोचली तर तिच्याआधी आत्याचा फोन पोहोचलेला.

"जनावन्सं रुसल्या," सुंदरा म्हणाली. "भात अर्ध्यात टाकून गेलीस म्हनं. आबाजींना गप बसवलंस म्हनं."

"हो."

सुंदरा ताट वाढायला लागली. "सगळ्यांना मिळालं का?"

"सगळ्यांना मिळालं. ड्रायव्हरांनापन."

"मंग रुसू दे." तिने हर्षलापुढे ताट सरकवलं. हर्षला सवयीने आमटीचं भांडं घ्यायला उठली. "बस गं. दिसतंय मला."

पहाटे पाचला मोबाइलचा गजर वाजला. हर्षला या कुशीवरून त्या कुशीवर वळली. सुंदराने येऊन तो बंद केला. ती उठलेलीच होती.