खाऱ्या पाण्यातली जितराबं

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी कोकणातून बारामतीत आले. नवरा एमआयडीसीतल्या एका डेअरीत कामाला. सासूबाई जवळच्या अंथुर्णे गावी शेतावर, पण महिन्यातले बरेच दिवस आमच्याकडे. घरात सगळं होतं, फक्त समुद्र नव्हता. त्याची मला इतकी आठवण यायची की शेवटी मी ठरवूनच टाकलं. खडकातल्या डबक्यासारखी एक उथळ काचेची पेटी करून घ्यायची, आणि माहेराहून खारं पाणी नि त्यातले जीव आणून तिच्यात सोडायचे.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. कालव्याकाठच्या माणसांना मिठाचा धसकाच. जादा पाण्यानं रानात मीठ फुटलं की ऊसही धड येत नाही, आणि ही सून खारं पाणी कॅन भरभरून घरात आणणार. पण त्यांची खरी अडचण वेगळी होती. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आणि दारात आणलेलं जनावर आपल्या हयगयीनं मेलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांनी अट घातली, "आण तुझी जितराबं. पर एक जरी मेलं, तर पेटी भाईर."

मी अट कबूल केली आणि माहेरी गेले. लहानपणी जे दिसेल ते उचलायचे, या वेळी ओहोटीला कातळावर बसून तोलून मापून निवडावं लागलं. तारामासा देखणा, पण बारामतीचा उन्हाळा त्याला झेपला नसता. खाडीच्या चिखलातल्या निवट्या मासोळ्या भारी गमतीच्या, पण उड्या मारत थेट स्वयंपाकघरात पोचल्या असत्या, आणि मला त्या खायला जास्त आवडतात हेही खरं. शेवटी सगळ्यात वरच्या डबक्यांतलेच जीव घेतले. तिथलं पाणी दुपारी चांगलंच तापतं आणि तरी ही मंडळी मजेत असतात. मूठभर बारक्या गोगलगायी, एक समुद्रफूल, आणि रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरणारा खेकडा, तोही एकच. दोन आणले असते तर शंखावरून जुंपली असती.

पाण्याचे कॅन नवऱ्यानं एसटीतून आणले, वाटेत एकदाही कुरकुरला नाही. पेटी भरली, पंपाचे बुडबुडे सुरू झाले, आणि मी चहा ठेवायला आत गेले. परत येऊन बघते तर पाणी पिवळं. नवं जनावर घरी आलं की त्यांच्याकडे त्याच्या कपाळाला भंडारा लावतात. या पाहुण्यांना कपाळ कुठलं शोधायचं, म्हणून सासूबाईंनी देवाची हळद वरूनच टाकली होती, आणि त्यांची चिमूट काही लहान नव्हती. माझा पारा चढला. पण त्या इतक्या समाधानानं पेटीपुढं बसल्या होत्या की मला रागावता येईना. निम्मं पाणी उपसून मी राखून ठेवलेला कॅन ओतला आणि हळद या जिवांना बाधेल एवढंच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यानंतर त्या रोज उठल्या उठल्या आधी पेटीकडे जायच्या.

एका सकाळी मी कणीक मळत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खेकडा शंखाबाहेर मरून पडलाय, असं त्यांनी सांगितलं. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "माज्या भंडाऱ्यानं ग्येला. तुझी काय चूक न्हाय. पेटी ऱ्हाऊ दे, पोरी. दुसरा आण."

मी पिठाच्या हातानं तशीच धावले. वाळूवर नांग्यांसकट खेकड्याची नुसती कात पडली होती, आणि मालक शंखात अंग चोरून बसला होता. वाढताना खेकडे कात टाकतात, हे सासूबाईंना काही केल्या पटेना. मग त्यानंच हळूच एक पाय बाहेर काढला. सासूबाई हसत हसत पदरानं डोळे पुसायला लागल्या. मला मात्र रडूच कोसळलं. खेकडा मेला असं समजून त्यांनी आपली अट मोडली होती, ती माझ्यासाठी. त्या सकाळपासून ते घर मला माझं वाटायला लागलं.