भिंतीतून गेलेली वायर

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. शाळा चौथीला सुटली. त्यानंतर सही आणि वाण्याची यादी यापलीकडे फारसं लिहिलं नाही. हे कागद कोणाच्या हाती लागलेच तर चुका पोटात घाला. लिहिते आहे तेही आमच्याकडच्या वाया गेलेल्या पत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. समोर भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर सिमेंटचा एक गोल डाग आहे. रंग दिला तरी तो वेगळा दिसतोच. तिथून आमची वायर पलीकडे जायची.

आमचं घर हडपसरला. सासऱ्यांनी बांधलेल्या चार खोल्या. आमचे हे आधी एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. कॉम्प्युटर आले आणि ते काम संपलं. मालकाने खिळे किलोच्या भावाने विकले आणि यांना घरी बसवलं. माझ्या दिरांनी तेव्हा नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. दोघा भावांनी मिळून पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर घेतला. हे पुढच्या खोलीत मजकूर टाइप करायचे. मधल्या दारापलीकडे दीर चित्रं घालून मांडणी करायचे. प्रिंटर आमच्या खोलीत होता.

त्या वेळी हडपसरला रोज काहीतरी नवीन उघडत होतं. मेस, हॉस्टेल, प्लॉटची स्कीम, कंपन्यांत कामाला आलेल्या पोरांसाठी खोल्या. सगळ्यांना पत्रकं हवी असायची. लग्नपत्रिका तर होत्याच.

सुरुवातीला फाईल फ्लॉपीवर घालून मीच इकडून तिकडे न्यायची. पण चित्रं मोठी असली की फ्लॉपीत मावायची नाहीत, आणि मावली तरी पलीकडे जाऊन फ्लॉपी उघडेलच असं नसायचं. मग दिरांनी पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून एक छोटा डबा आणला. त्याला हब म्हणायचे. सोबत निळी वायर. मधलं दार लावता यावं म्हणून भिंतीला भोक पाडून वायर पलीकडे नेली. डब्यावर दोन हिरवे दिवे लागले की एकाच्या कॉम्प्युटरमधली फाईल दुसऱ्याला दिसायची. दिवा गेला की शोध सुरू. वायर उंदराने कुरतडली का, वायरीच्या टोकाचा खटका नीट बसला का. त्यासाठी दोन्ही टोकांना माणूस लागायचं. हब आमच्या टेबलाखाली होता, म्हणून इकडे वाकायचं काम माझं. पलीकडे माझी धाकटी जाऊ वाकायची.

"ताई, दिवा लागला का?"

"नाही गं."

"आता?"

"लागला!"

दिरांची मुलगी तेव्हा लहान होती. मला मूल झालं नाही. ती माझ्याच मांडीवर जेवायची आणि मला मोठी आई म्हणायची. दिवा बघायला तीही माझ्या मागोमाग टेबलाखाली शिरायची. मला चारचौघांत बोलायला कधी जमलं नाही, पण टेबलाखाली मी आणि ती पोर खूप बोलायचो.

मग ती पत्रिका आली. एका गृहस्थांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका कॉम्प्युटरवर तयार झाल्यावर ते सांगायला आले, मुहूर्त बदललाय, सकाळचा नाही, संध्याकाळचा घाला. यांनी फाईल उघडली, वेळ बदलली आणि बंद केली. तीच फाईल पलीकडे दिरांनी आधीपासून उघडून ठेवलेली होती. ते गणपतीचं चित्र सरकवत बसले होते. चित्र मनासारखं बसल्यावर त्यांनी ती सेव्ह केली. यांनी घातलेली वेळ पुसली गेली आणि जुनी परत आली. छापायच्या आधी दोघांपैकी कोणीच वाचून पाहिलं नाही. सगळ्या पत्रिका सकाळच्या मुहूर्ताच्या निघाल्या, आणि वाटूनही झाल्या.

ते गृहस्थ दारात उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "पाहुणे सकाळीच येऊन बसतील. संध्याकाळपर्यंत आपल्याकडे पाठवू का?" पैसे अर्थातच दिले नाहीत.

ते गेल्यावर हे दिरांना म्हणाले, "मी वेळ बदलली होती."

"मग गेली कुठे? कॉम्प्युटरने खाल्ली?"

"तू वरून सेव्ह केलीस."

"तुम्ही फाईलीत शिरलात हे मला कोणी सांगितलं? हाक मारायला काय झालं होतं? दोन पावलांवर तर बसलोय."

मला वाटतं, फ्लॉपी असती तर हे झालं नसतं. फ्लॉपी एका वेळी एकाच्याच हातात असायची. बोलणं वाढत गेलं. पत्रिकेवरून सासऱ्यांच्या आजारपणापर्यंत गेलं, तिथून लग्नातल्या मानपानावर. संध्याकाळपर्यंत चुली वेगळ्या झाल्या होत्या. मधल्या दाराला यांनी कडी घातली आणि कपाट सरकवलं. पुढे दिरांनी मागच्या गल्लीत आपलं दार काढलं.

"त्यांच्याकडे जायचं नाही," हे मला म्हणाले. पलीकडे जाऊलाही तेच सांगितलं गेलं असणार.

वायर मात्र राहिली. कर्ज दोघांच्या नावावर होतं. प्रिंटर इकडे, स्कॅनर तिकडे. एकट्याने हप्ता निघणं शक्य नव्हतं. म्हणून ठरलं की कर्ज फिटेपर्यंत काम एकत्र करायचं, आणि फिटलं की वस्तू वाटून घ्यायच्या, वायर काढायची आणि भोक बुजवायचं. त्या भांडणात दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

मी धीट असते तर मागच्या गल्लीत गेले असते. एकदा रव्याचे लाडू डब्यात घालून गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेही. दीर दारात कोणाशी तरी बोलत उभे होते. मी तशीच वळले. लाडू आम्ही दोघांनीच संपवले.

दिवा गेला की मात्र बोलावंच लागायचं. भाऊ एकमेकांशी बोलायचे नाहीत, म्हणून बायकांनी बोलायचं. हे खुर्चीवरून सांगायचे, "खटका काढून परत लाव म्हणावं." मी टेबलाखाली शिरून भोकाशी तोंड न्यायची.

"अगं, खटका काढून परत लाव म्हणतायत."

"लावला. दिवा?"

"नाही. तुझा खोकला कसा आहे?"

"बराय. आता बघा."

"लागला. ती जेवली का?"

वरून हे म्हणायचे, "जेवणाची लाइन नंतर जोडा."

पोरीला ते सगळं पाठ झालं होतं. वायर ठीक असली तरी ती मध्येच भोकाशी येऊन विचारायची, "मोठी आई, दिवा लागला का?"

"लागला गं बाई."

"मग मी जाते."

काही दिवशी माझं घराबाहेरच्या माणसाशी बोलणं तेवढंच व्हायचं. आणि तिला बाहेरचं माणूस म्हणायची वेळ आली, हे लिहितानाच माझ्या लक्षात येतं आहे. भोकातून वायरीच्या बाजूने तिचं एक बोट यायचं. मी ते धरायची.

हप्ता चुकावा असं मी कधी मनात आणलं नाही. कर्ज ते कर्ज. पण हप्ता भरून हे घरी आले की भोक बुजायला आता किती हप्ते उरले ते मी मोजायची.

मग एकदा अशी वेळ आली की दोन्ही दिवे लागलेले आणि तरी फाईल जाईना. दिरांनी त्यांचा कॉम्प्युटर पुसून सगळं नव्याने टाकलं होतं, त्यानंतरच हे सुरू झालं. नेमकं तेव्हा मोठं काम हातात होतं. कंपनीतल्या नोकरदारांसाठी प्लॉटची स्कीम, रंगीत पत्रकं, भरपूर. त्यातून उरलेलं सगळं कर्ज एकदम फिटणार होतं. काम अडलं म्हणून बुधवार पेठेतल्या दुकानातला माणूस बोलावला. तो आमच्याकडचा कॉम्प्युटर बघून मागच्या गल्लीत गेला, तिकडचा बघून परत आला. त्याच्यामागे दीरही आले आणि आमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. किती दिवसांनी मी त्यांना समोरून पाहत होते. कानाजवळचे केस पिकले होते.

तो माणूस म्हणाला, "प्रत्येक कॉम्प्युटरला आपला आपला नंबर द्यावा लागतो. तुम्ही दोघांनीही 'एक' हाच नंबर घेतलाय. एकाने बदला."

"माझा पहिल्यापासून एक आहे," हे म्हणाले.

दीर त्या माणसाकडे बघून म्हणाले, "माझा दोन होता. आता घर वेगळं आहे. माझ्या घरात मी दोन नंबरचा कसा?"

"बरं. ठरवा तुम्ही. तोवर मी चहा घेतो. साखर कमी."

मी चहा केला. त्याचा पिऊन झाला तरी दोघं आपल्या 'एक'वरच अडून होते.

"असं करू," तो म्हणाला. "एकाला दहा देतो, एकाला वीस."

"वीस कोणाला?" दोघांनी एकदम विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "ते मी दुकानात जाऊन ठरवीन."

मला हसू फुटलं. टेबलाखालच्या भोकातून जाऊचं हसणं ऐकू आलं. दिरांच्या तोंडावरही काहीतरी हललं आणि त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हेही बघत होते. मला वाटलं, आता हे म्हणतील, ये, बस. मी आणखी एक कप चहा गाळलासुद्धा. पण हे पुन्हा पडद्याकडे वळले आणि त्या माणसाला म्हणाले, "लवकर करा. संध्याकाळी माल द्यायचाय." दीर उंबऱ्यावरूनच परत गेले. तो चहा मीच प्यायले.

त्या माणसाने नंबर घातले. कोणाला दहा आणि कोणाला वीस ते त्याने सांगितलं नाही आणि कोणी पुन्हा विचारलंही नाही. त्यानंतर वायर कधीच बिघडली नाही. मोठी मोठी चित्रं सुरळीत येत राहिली, प्रिंटर चालत राहिला, मी पत्रकांचे गठ्ठे बांधत राहिले. मला टेबलाखाली बोलावण्याचं कोणाला कारण पडलं नाही.

पैसे आले. पतसंस्थेत दोघांच्या सह्या लागणार होत्या. हे पुढच्या दाराने निघाले. मागच्या गल्लीतून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज थोड्या वेळाने आला. मी केरसुणी घेऊन टेबलाखाली गेले.

"मोठी आई, दिवा लागला का?"

"लागलाय."

"मग मी जाते."

"थांब की जरा."

"का?"

"आज काय जेवलीस?" मी विचारलं. ती वरण-भात म्हणाली आणि पळाली.

हे आले. चपला काढायच्या आधीच त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "वाच," म्हणाले. एरवी ते मला काही वाचायला देत नाहीत. खाली शिक्का होता आणि शिक्क्याच्या वर दोघा भावांच्या सह्या शेजारी शेजारी. कर्जाची पूर्ण फेड झाली, येणे बाकी काही नाही, असं लिहिलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं. एकही अक्षर चुकलं नाही.